लोह कुणाला द्यावे, कुणाला नको

आमच्या चऱ्होलीच्या आसपास लोखंडाला तोटा नाही. एका बाजूला भोसरीची औद्योगिक वसाहत, इंद्रायणी ओलांडून पुढे गेले की चाकण. सळया, पत्रे, मोटारींचे सुटे भाग घेऊन ट्रक रात्रंदिवस धावत असतात. मी स्वतः बरीच वर्षे एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लोखंडाची आवक-जावक लिहिली; कविता लिहिल्या त्या पाळी संपल्यावर. आज बोलायचे आहे ते मात्र रक्तातल्या लोखंडाविषयी, आणि तेही लहान मुलांच्या.

मूल पांढरे दिसू लागले, खेळताना दमू लागले, की आपल्याकडे दोनच उपाय सुचतात. लोहाचे टॉनिक, नाहीतर रक्ताची बाटली. दोन्ही उपाय खरे आहेत. पण ज्याला टॉनिक पुरेल त्याला रक्त चढवले, किंवा ज्याला रक्त हवे त्याला टॉनिकच पाजत राहिलो, तर नुकसान मुलाचे होते. म्हणून उपायाच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा : रक्त कमी झाले ते कशामुळे?

मी डॉक्टर नाही, साधा बी.ए. झालेला माणूस आहे. माझ्या बहिणीच्या नातीला थॅलेसेमिया आहे. ती आता नऊ वर्षांची आहे. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त द्यावे लागते. त्या वेळी तिच्या खाटेशेजारी बसून डॉक्टर, परिचारिका आणि रक्तपेढीतले तंत्रज्ञ यांना विचारून विचारून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवतो. औषध कोणते, किती, कधी हा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. लाल पेशींत भरलेला हा पदार्थ फुप्फुसातून प्राणवायू उचलतो आणि अंगभर पोचवतो. त्यात लोहाचे अणू असतात, प्राणवायू त्यांनाच चिकटतो. लोहाला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर लोह हा कच्चा माल आणि साखळ्या घडवणारे जनुक ही डाय. कच्चा माल आला नाही तरी उत्पादन घटते, डाय खराब झाली तरी घटते. गेटवर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही वेळी एवढेच दिसते की माल कमी निघतो आहे. मुलाचा पांढरा चेहरा पाहून आपणही त्या गेटवरच उभे असतो. आत काय बिघडले ते तपासणीशिवाय कळत नाही.

बहुतेक मुलांत आधी कच्च्या मालाचीच शंका घ्यावी लागते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली निघाले. त्याआधी २०१५-१६ मध्ये हाच आकडा ५३.८ टक्के होता. याला जंत, वारंवार येणारे आजार, ब-१२ आणि फॉलिक आम्लाची उणीव अशीही कारणे असतात, पण लोहाची कमतरता हे मोठे कारण. बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येते. तो साधारण सहा महिन्यांत संपत येतो. त्यानंतर वरचे अन्न नीट सुरू झाले नाही की तूट पडते. आमच्या भागात आई-वडील दोघेही पाळीला जाणारी घरे पुष्कळ. तिथे मुलाच्या हाती चहा-बिस्कीट येते, नाहीतर तिसऱ्या वर्षापर्यंत दुधाची बाटली सुटत नाही. दुधात लोह अगदी थोडे, आणि चहा तर जेवणातले लोहही अंगी लागू देत नाही. बाजरी, मटकी, हरभरा, पालेभाज्या, अंडी, चालत असेल त्या घरी मटण-कलेजी, आणि सोबत लिंबू किंवा आवळा, एवढे जमले तरी पुष्कळ. आंबट फळांतल्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाजीतले लोह चांगले शोषले जाते.

या मुलांना लोहाचे औषध अमृतासारखे लागू पडते. 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात अंगणवाडीच्या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचे सिरप, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला गुलाबी गोळी आणि त्यापुढच्या मुला-मुलींना निळी गोळी देतात, ती याचसाठी. आजारावरचे उपचार मात्र रोजचे असतात आणि काही महिने चालतात. औषधाने शौचाला काळे होते. ते पाहून घाबरून बाटली अर्ध्यावर टाकून देणारे पालक मी पाहिले आहेत. काळे होणे अपेक्षितच असते. हिमोग्लोबिन वर आल्यावरही दोन-तीन महिने औषध चालू ठेवायचे, कारण रिकामे झालेले कोठारही भरायचे असते. आणि महिनाभर नीट औषध देऊनही हिमोग्लोबिन हलले नाही, तर बाटली बदलून पुढचे टॉनिक सुरू करू नये. तिथे आपला प्रश्न पुन्हा विचारावा : कशामुळे?

या मुलांना रक्त चढवावे का? नातेवाइकांचा आग्रह असतो, 'साहेब, एक बाटली चढवून टाका, पोरगं टवटवीत होईल.' पण रक्त हे टॉनिक नव्हे, दुसऱ्याच्या शरीरातला जिवंत भाग आहे, आणि त्यात धोका असतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार हिमोग्लोबिन ४ ग्रॅमपर्यंत उतरले असेल, किंवा ४ ते ६ च्या दरम्यान असून मुलाला धाप लागत असेल, हृदयावर ताण दिसत असेल, तर रक्त द्यावे. आफ्रिकेतल्या युगांडा आणि मालावी या देशांत यावर मोठा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हिमोग्लोबिन ४ ते ६ असलेल्या पण धोक्याची लक्षणे नसलेल्या काही मुलांना लगेच रक्त दिले आणि काहींना बारीक लक्ष ठेवून, गरज पडली तरच दिले. २८ दिवसांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. यात 'बारीक लक्ष ठेवून' हे शब्द महत्त्वाचे. घरी नेऊन वाट पाहणे म्हणजे लक्ष ठेवणे नव्हे.

आता दुसरी मुले. यांच्याकडे कच्चा माल भरपूर आहे, डायच खराब आहे. थॅलेसेमिया मेजर या आजारात बीटा साखळी बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असतो, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. असे मूल जन्मताना धडधाकट असते, कारण पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, त्याला बीटा साखळी लागत नाही. जन्मानंतर ते हळूहळू बदलते आणि साधारण सहा महिने ते दोन वर्षे या वयात आजार उघडा पडतो. मूल पांढरे पडते, वजन वाढत नाही, पानथरी वाढल्याने पोट पुढे येते. आमच्या नातीचे हेच झाले. सातव्या महिन्यापासून ती कोमेजत गेली आणि पुढचे सात महिने एका दवाखान्यातून लोहाचे टॉनिक मिळत राहिले. बाटलीचे नाव तीनदा बदलले. साधी रक्ततपासणी नीट वाचली असती तरी संशय आला असता.

ती कशी वाचायची? सीबीसीच्या कागदावर एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तो लाल पेशीचा आकार सांगतो. लोहाच्या कमतरतेत आणि थॅलेसेमियाच्या दोषात पेशी लहान होते, म्हणून दोन्हींत हा आकडा घटतो. पण ज्यांच्या एकाच प्रतीत दोष असतो, त्या वाहक माणसांच्या पेशी लहान असूनही संख्येने भरपूर असतात. लोह कमी असेल तर संख्याही सहसा घटते. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागले आणि उत्तर १३ पेक्षा कमी आले तर थॅलेसेमियाचा विचार करावा, असा ठोकताळा १९७३ पासून वापरात आहे. तो नुसता इशारा. नक्की निदान हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीने होते. इथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. मुलाला पहिल्यांदा रक्त देण्याची वेळ आली आणि कारण ठाऊक नसेल, तर या तपासणीचा नमुना रक्त चढवण्याआधी घ्यायला सांगावे. एकदा दात्याचे रक्त मिसळले की पुढे तीन-चार महिने उत्तर धूसर येते.

निदान झाले की रक्त हाच मुलाचा आधार. दर दोन ते चार आठवड्यांनी लाल पेशींची पिशवी लागते. हिमोग्लोबिन साधारण ९ ते १०.५ च्या खाली जाऊ द्यायचे नाही, असा प्रयत्न असतो. ते खाली गेले की अस्थिमज्जा जिवाच्या आकांताने निकामी पेशी बनवत सुटते, त्या ओढीत हाडे पोकळ होतात, गालाची हाडे वर येतात, पानथरी फुगते. वेळेवर रक्त मिळाले तर मूल शाळेत जाते, खेळते, भांडते, इतर मुलांसारखेच वाढते.

रक्त देताना पाहण्यासारख्या गोष्टी आहेत. रक्तगट एकच असला म्हणून भागत नाही, मुलाचे आणि पिशवीतले रक्त प्रयोगशाळेत एकमेकांशी जुळवून पाहावे लागते. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा गट शोधला की जो साध्या तपासणीत 'ओ' वाटतो, पण त्या माणसाला 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. जगभर तो 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. शिवाय वारंवार रक्त घेणाऱ्या मुलांच्या शरीरात इतर उपगटांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात, म्हणून प्रत्येक वेळी जुळवणी नव्याने करावी लागते. पिशवी लावण्यापूर्वी मुलाचे नाव, रक्तगट, पिशवीचा क्रमांक आणि मुदत मोठ्याने वाचून घ्यावी. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते आणि रक्त साधारण तीन-चार तासांत सावकाश जाते. घाईने दिले तर आधीच थकलेल्या हृदयावर भार येतो. पहिली पंधरा मिनिटे मुलाजवळून हलायचे नाही. थंडी वाजणे, ताप, अंगावर गांधी, पाठदुखी, धाप, लालसर-काळी लघवी यांतले काही दिसले तर लगेच परिचारिकेला हाक मारायची. ती रक्त थांबवून पुढचे पाहते. पांढऱ्या पेशी गाळणारी गाळणी वापरली की तापाचा त्रास बराच कमी होतो.

आता लोहाकडे परत येऊ. माझ्या स्टोअरच्या रजिस्टरात दोन रकाने होते, आवक आणि जावक. शरीराच्या रजिस्टरात लोहाला जावकेचा रकाना जवळजवळ नाहीच. मोठ्या माणसाच्या शरीरातून दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम लोह बाहेर पडते, मुलांत त्याहून कमी. मोठ्या माणसाच्या एका पूर्ण पिशवीतून मात्र २०० मिलिग्रॅमच्या आसपास आत येते. म्हणजे एका पिशवीचे लोह निघायला दोनशे दिवस, आणि पुढची पिशवी विसाव्या-एकविसाव्या दिवशी दारात. हे साचलेले लोह यकृतात, हृदयात आणि ग्रंथींत जाऊन बसते. वाढ खुंटते, वयात येणे लांबते, मधुमेह जडतो, आणि शेवटी हृदय हार खाते. रक्ताने वाचवलेले मूल रक्तातल्याच लोहाने जाऊ शकते.

म्हणून लोह बाहेर काढणारी औषधे लागतात. साधारण १० ते २० वेळा रक्त दिल्यानंतर, किंवा फेरिटिन ही तपासणी १००० च्या वर गेल्यावर ती सुरू करतात. पूर्वी एकच औषध होते, डेस्फेरिऑक्झामाइन. कातडीखाली सुई टोचून पंपाने रात्रभर सोडावे लागे. १९९० च्या दशकात डेफेरिप्रोन ही तोंडाने घ्यायची गोळी युरोप-अमेरिकेच्या आधी भारतात परवाना मिळून आली. पुढे पाण्यात विरघळवून दिवसातून एकदा घ्यायचे डेफेरासिरॉक्स आले. प्रत्येकाला आपापले पथ्य आणि तपासण्या आहेत. रक्त दिल्यावर मूल टवटवीत दिसते, म्हणून पालक रक्त चुकवत नाहीत. लोह काढणाऱ्या औषधाने मात्र डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून ते चुकते. अशा मुलाला शाळेतली गुलाबी-निळी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, हे वर्गशिक्षकांना सांगून ठेवावे.

पूर्ण बरे होण्याचा रूढ मार्ग अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक. बोरिवलीला मुंबई महापालिकेचे यासाठी केंद्र आहे, आणि कोल इंडियाच्या मदतीने २०१७ पासून 'थॅलेसेमिया बाल सेवा योजना' खर्चाला हातभार लावते. पण ज्यांची मज्जा जुळत नाही, त्यांचा आधार रक्तच.

आणि हे रक्त येते कुठून? आमच्याकडे रक्तदानाचा उत्साह मोठा. शिवजयंती, गणेशोत्सव, ईद-ए-मिलाद, नेत्यांचे वाढदिवस, शिबिरे लागतात आणि एका दिवसात पिशव्यांचा ढीग होतो. पण लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवसच टिकते. मे महिन्यात महाविद्यालये बंद, कामगार गावी. दिवाळीत कारखान्यांना सुट्टी. त्या दिवसांत रक्तपेढीची कपाटे रिकामी होतात, आणि मुलाचा एकविसावा दिवस सुट्टी पाहून येत नाही. १८ ते ६५ वयाचा, ४५ किलोच्या वर वजनाचा निरोगी माणूस, पुरुष असेल तर तीन महिन्यांनी आणि स्त्री असेल तर चार महिन्यांनी रक्त देऊ शकतो. शिबिरात एकदाच देण्यापेक्षा रक्तपेढीत जाऊन ठरलेल्या महिन्यांत देणारा दाता या मुलांना अधिक उपयोगाचा. रमजानमध्येही काही मित्र इफ्तारनंतर जाऊन येतात.

नियमित आणि स्वेच्छेने देणाऱ्याचे रक्त सुरक्षितही असते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकणे बंद झाले. एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग आणि हिवताप या पाच तपासण्या प्रत्येक पिशवीवर सक्तीच्या आहेत. तरीही लागण नुकतीच झाली असेल तर साध्या तपासणीत ती निसटू शकते. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. नॅट नावाची तपासणी ही निसटती जागा पुष्कळ अरुंद करते. आपल्या रक्तपेढीत ती होते का, हे विचारण्याचा पालकांना हक्क आहे.

शेवटी या आजाराच्या मुळाविषयी. भारतात शंभरात तीन ते चार माणसे थॅलेसेमियाची वाहक आहेत. त्यांना काही त्रास नसतो, म्हणून ठाऊकही नसते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. देशात दर वर्षी अशी सुमारे दहा हजार मुले जन्मतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत प्रमाण जास्त. फाळणीनंतर वसलेला पिंपरी कॅम्प आमच्या शेजारीच आहे. पण हा आजार एका समाजाचा नाही. चाकणच्या कंपन्यांत बंगालपासून सातपुड्यापर्यंतची माणसे येतात. पूर्वेकडच्या लोकांत हिमोग्लोबिन ई, सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा आणि विदर्भातल्या गोंड-माडिया समाजांत सिकलसेल हे डायचेच दुसरे बिघाड आढळतात. त्यातला एक आणि थॅलेसेमियाचा एक अशी जोडी जमली तरी मूल आजारी होऊ शकते. सिकलसेलसाठी १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. थॅलेसेमियाची तपासणी मात्र अजून आपणच ठरवून करायची आहे.

नात्यातल्या लग्नांत जोखीम वाढते, कारण एकाच आजी-आजोबांचे जनुक दोन्हीकडून येऊ शकते. आम्हा मुसलमानांत चुलत-मावस नात्यांत लग्ने होतात, हिंदू घरांतही मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. माझ्या भाचीचे लग्न तिच्या फुफीच्या मुलाशी झाले. पुढे तिच्या धाकट्या भावाचेही नात्यातच ठरत होते. तपासणीचा विषय निघाला तसे मुलीचे वडील उसळले, ''आमच्या पोरीचं रक्त तपासायचं? उद्या तिच्यात खोट आहे म्हणून गावभर होईल.'' भाची शांतपणे म्हणाली, ''चच्चा, पोरीचं नकोच. आधी माझ्या भावाचं तपासू. त्याचं साफ निघालं तर तिची सुई टोचायची गरजच नाही.'' भाऊ वाहक निघाला. मग मुलीची आईच तिला घेऊन गेली. मुलगी वाहक नव्हती. लग्न ठरल्या तारखेला झाले.

भाचीचा हा विचार मला पुढे एका देशाच्या कार्यक्रमातच सापडला. इराणमध्ये १९९७ पासून लग्नाआधी ही तपासणी सक्तीची आहे आणि तिथे आधी पुरुषाच्या पेशींचा आकार पाहतात. तो लहान निघाला तरच स्त्रीची तपासणी. सौदी अरेबियातही २००४ पासून सक्ती आहे. सायप्रस बेटावर १९७० च्या दशकापासून चाललेल्या प्रयत्नांमुळे आता असे मूल क्वचितच जन्मते. तपासणीमुळे लग्न मोडावेच लागते असे नाही. दोघेही वाहक असले तर गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश तपासून बाळाची स्थिती कळू शकते, आणि पुढचा निर्णय जोडपे डॉक्टरांशी बोलून घेऊ शकते. लग्नाआधी राहून गेले असेल तर गरोदर बाईची एचपीएलसी पहिल्या तीन महिन्यांतच करावी आणि ती वाहक निघाली तर नवऱ्याची त्याच आठवड्यात.

ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत देण्याची तरतूद आहे. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या तिन्ही आजारांचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढून घ्यावे. बाकीच्यांनी घरातला जुना सीबीसीचा कागद शोधून एमसीव्हीचा आकडा पाहावा. तो ८० च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवावा. आणि कॅलेंडरवर मे आणि दिवाळीच्या महिन्याभोवती एक खूण करून ठेवावी, रक्तपेढीत जाण्यासाठी.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)